विरळणीवाले आण्णा

आण्णांना लग्नाला बोलवायचं की नाही, यावर आमच्या गावात लग्न ठरवण्याइतकीच चर्चा व्हायची. न बोलवावं तर वयानं मोठा, भावकीतला माणूस. बोलवावं तर ते आहेर पुकारणाऱ्याच्या हातून माईक घेणार हे नक्की. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, पंगतीची घाई सुरू झाली की आण्णा स्टेजवर चढायचे, गळ्यातला रुमाल नीट करायचे आणि नवरा-नवरीकडं न बघता सगळ्या मांडवाला सांगायचे, की पहिलं लेकरू तीन वर्षांनी, दुसरं त्यानंतर पाच वर्षांनी, आणि तिसऱ्याचं नाव शोधायची वेळ येऊ देऊ नका. नवरी मान खाली घालून बसलेलीच असायची, ती आणखी खाली घालायची. नवऱ्याचे मित्र शिट्ट्या मारायचे. एका लग्नात नवरीच्या मामानं जाऊन जनरेटरच बंद केला. आण्णा माईकशिवाय बोलले. माईक गेल्यामुळं उलट लोक गप्प झाले आणि ते भाषण मागं भात उतरवणाऱ्या आचाऱ्यापर्यंत गेलं.

आण्णा सरकारी दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हते. गावोगाव सायकलवर फिरायचं, तापाच्या गोळ्या द्यायच्या, विहिरीत पावडर टाकायची आणि बायका-माणसांना मुलं बंद करायच्या ऑपरेशनला तयार करायचं, हे त्यांचं काम. तयार झालेल्या माणसाला त्यांच्या खात्यात केस म्हणायचे. बाकीचे लोक हे काम नोकरी म्हणून करायचे. आण्णांना ते मनातून पटलेलं होतं, आणि पटलेला माणूस फार त्रास देतो. नोकरी संपली तरी त्यांचं फिरणं संपलं नाही. पगार बंद झाला, भाषण चालू राहिलं.

त्यांचं घर आमच्या गावच्या शाळेला लागून. मी ह्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि आता ह्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. चुलीपाशी बसलं की भिंतीपलीकडचं आण्णांचं बोलणं सगळं ऐकू यायचं. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, पण ऐकायला मी पक्की. मधे ही शाळा बंदच पडणार होती. ती आण्णांमुळं राहिली. आणि ती बंद पडायची वेळही आण्णांमुळंच आली होती, असं त्यांचे शेजारी बप्पा म्हणायचे. दोन्ही खरं आहे, म्हणून तर लिहून ठेवावंसं वाटलं.

आण्णांचं सगळं शास्त्र त्यांच्या रानातून आलेलं. ज्वारी दाट उगवली की मधली रोपं उपटून टाकतात, म्हणजे राहिलेल्या रोपांना जागा, पाणी, खत पुरतं. तिला विरळणी म्हणतात. सगळेच करतात, पण आण्णा ती अशी करायचे की त्यांच्या ज्वारीतून गाडीबैल वळवता यावेत. कणसं मात्र बाळाच्या डोक्याएवढी यायची. ती कणसं हातात घेऊन ते शाळेच्या ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. देशाचं असंच असतं म्हणायचे. उपटायला नको, पेरतानाच हात आखडता घ्या. आज्याच्या काळात आमच्या रानात घोडा दौडायचा, बापाच्या वाट्याला आलं तेव्हा त्यात बैल वळायचे, आता माझ्या वाट्याला आलंय तर त्यात मीच कसाबसा वळतो. रान तेवढंच आहे, वळणारे वाढले. मग गरिबी हटणार कशी, असं विचारून ते स्वतःच पुढचं उत्तर द्यायचे, त्यामुळं समोरच्याला काही काम नसायचं.

त्यांना उत्तर द्यायची हिंमत एकट्या बप्पांची. बप्पा त्यांच्याच वयाचे, बांधाला बांध लागून रान, आणि चार पोरांचे बाप. आण्णांनी आयुष्यभर ज्यांच्या दारात चपला झिजवल्या आणि जे कधी केस झाले नाहीत, त्यातले पहिले बप्पा. ते तंबाखू मळत म्हणायचे, "आण्णा, आपल्या भागात एक बोअर मारून कुणाला पाणी लागलंय का? चार मारावं, तवा एकाला लागतंय. पोरांचंबी तसंच हाय."

आण्णा म्हणायचे, "चार ठिकाणी अर्धं अर्धं मारण्यापरीस एका ठिकाणी खोल मार की."

हे भांडण मी लहान असल्यापासून ऐकत आले. दोघंही रोज तेच बोलायचे आणि रोज नव्यानं रागवायचे.

आण्णा सांगतात तसं स्वतः करणारे होते, हे त्यांच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल. पहिली मुलगी झाली आणि त्यांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं. त्या काळात पुरुष माणूस असं काही करत नव्हता. त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणतो. आक्कांना ही गोष्ट आण्णांनी घरी येऊन सांगितली ती सगळं उरकल्यावर. आक्का महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि पुढं बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत.

गावात मात्र कुजबूज सुरू झाली, की ऑपरेशन केलेल्या माणसाच्या अंगात ताकद राहत नाही, त्याला नांगर धरता येत नाही. आण्णांच्या कानावर हे गेलं. ते उठले, सगळ्या गावासमोर ज्वारीचं भरलेलं पोतं पाठीवर घेतलं आणि चावडीपासून निघाले. मारुतीच्या देवळापर्यंत बरोबर गेले. तिथं थांबले असते तर आज आमच्या गावचा इतिहास वेगळा असता. पण विहारापुढंही माणसं बसलेली होती, त्यांनाही दिसावं म्हणून ते तसेच तिकडं वळले, आणि वळताना पाठ धरली. तेव्हापासून पुढचे कितीतरी दिवस आण्णा वाकून चालत होते. वाकून चालत घरोघर जायचे आणि पुरुषांना सांगायचे, ऑपरेशननं काही होत नाही. पुरुष त्यांच्याकडं वरून खाली बघायचे आणि हो हो म्हणायचे. त्यानंतर आमच्या गावात एकही पुरुष तयार झाला नाही.

"पाठ पोत्यानं गेली, ऑपरेशननं न्हाय," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं असेल, की शाळेतली पोरं ते खेळताना म्हणायची. आक्का म्हणायच्या, "मग पोतं उचलाय कुणी सांगितलतं?"

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. खात्याकडून पुरुषांना वाटायला रबराची एक वस्तू यायची. तिचं नाव मी लिहीत नाही, कळायचं त्यांना कळलं. ती कुणी घ्यायचं नाही. आण्णांच्या घरात खोके पडून असायचे. आणि एका वर्षी अचानक माणसं मागायला यायला लागली. खाली मान घालून यायची, दोन-चार पाकिटं खिशात टाकून जायची. ज्यांची लग्नंच झाली नव्हती ते यायचे, ज्यांचं वय उलटून गेलं होतं तेही यायचे. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तालुक्याला जाऊन मोठ्या साहेबांना सांगितलं, की आमचं गाव सुधारलं. साहेबांना नवल वाटलं, कारण आमच्या गावात बारशाची गूळ-खोबरं वाटणी काही कमी झाली नव्हती. ते स्वतः जीप घेऊन बघायला आले.

आण्णा त्यांना गावभर फिरवून शेवटी बप्पांच्या विहिरीवर पाणी प्यायला घेऊन गेले. बप्पांनी त्या दिवशी विहिरीतली मोटर वर ओढली होती. तिच्या वायरीचा सांधा कायम पाण्यात राहतो, त्यात पाणी शिरलं की मोटर जळते. बप्पांनी साहेबांना सांधा दाखवला. त्यावर ती खात्याची वस्तू एकावर एक ओढून वर सुतळी बांधलेली होती. बप्पा कौतुकानं म्हणाले, "सायेब, माल लई चांगला हाय तुमचा. टिपूस आत जात न्हाय. समद्या शिवारात आता हेच चालतंय."

आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, की मोटर वाचली म्हणजे पाणी मिळालं, पाणी मिळालं म्हणजे पीक आलं, तेव्हा त्या मालानं विकासच केला, फक्त वेगळ्या बाजूनं केला. हार मानायची त्यांना सवय नव्हती.

केस मिळवायची त्यांची एक पद्धत होती. ज्या घरात काम असेल त्या घराच्या दारात जाऊन बसायचं आणि चहा-पाण्याला हात लावायचा नाही. आधी हो म्हणा, मग चहा. दारात आलेला माणूस पाण्याशिवाय बसून राहिला की घरच्यांना चोरट्यासारखं होतं. शेजारी बघतात. चहा निवतो, परत गरम होतो, परत निवतो. बायका याच लाजेनं तयार व्हायच्या. आमच्याही दारात ते असेच बसायचे. आम्ही बहिणीच बहिणी, मी पाचवी. आण्णा लांबून दिसले की माझा बाप कडब्याच्या गंजीत शिरायचा. आण्णा येऊन नेमके त्याच गंजीला पाठ टेकून बसायचे. माझी आई भाकरी थापत ऐकायची, बाप आत ऐकायचा. एकदा तो आत शिंकला. आण्णांनी मागं न बघता "शंभर वर्षं जग, पण दारात येऊन जग" असं म्हणून भाषण पुढं चालू केलं.

शेवटी सातव्यांदा भाऊ झाला आणि आई बापाला न विचारता आण्णांच्या सायकलमागं चालत दवाखान्यात गेली.

माझी चौथी झाली तेव्हा पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि घरात धाकटी दोन सांभाळायला कुणी नव्हतं. बापानं माझं नाव काढलं. आमच्यासाठी बापाशी भांडायला दुसरं कुणी आलं नाही, आण्णा आले. खूप बोलले. पोरगी हुशार आहे, पाटीवर अक्षर बघ हिचं, असं म्हणाले. बाप ऐकेना तेव्हा चिडून म्हणाले, "चारावर थांबला असतास तर चारी पोरी शिकल्या असत्या की रे." मी धाकटीला कडेवर घेऊन तिथंच उभी होते. चार बहिणी मोजल्या आणि माझ्या लक्षात आलं, की त्या हिशोबात मी कुठंच नाही. आण्णांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. त्यानंतर कित्येक वर्षं मी समोर आले की ते उगीच घसा साफ करायचे.

वर्षं गेली. आण्णा म्हणत होते तसंच सगळं झालं. घरोघर दोन लेकरं, कुठं एकच. वाटे पडायचे थांबले. पत्रे जाऊन स्लॅब आले. बप्पांच्या चारी बोअरांपैकी एकाला पाणी लागलं, म्हणजे एक पोरगा पुण्यात कंपनीत चिकटला. आण्णांना वाटलं होतं, माणसं कमी झाली की राहिलेल्यांची कणसं भरतील आणि गाव श्रीमंत होईल. पण स्लॅबच्या घरांना कुलपं लागली. सोयाबीन काढायला माणूस मिळेना, टेंपोनं परक्या भागातली माणसं आणावी लागली. बप्पांच्या दोन पोरांना मुलगीच मिळेना. एकदा बप्पा रिकाम्या गल्लीकडं हात करून म्हणाले, "आण्णा, विरळणी जरा जास्तच झाली." आण्णांनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

आणि मग शाळेचा पट उतरला. जी पोरं गावात होती त्यांतली निम्मी सकाळी पिवळ्या गाडीत बसून मुरुम गावातल्या इंग्रजी शाळेत जायला लागली. माझ्या चुलीवरचं मोठं पातेलं मी उचलून ठेवलं, धाकटं काढलं, आणि त्यातही खिचडी तळाला राहायला लागली. जूनमध्ये गुरुजी सांगत आले, की महिनाभरात साहेब पट बघायला येणार आहेत. पोरं पुरेशी दिसली नाहीत तर आमची शाळा पलीकडच्या गावात मिसळणार. पलीकडचं गाव म्हणजे ओढा ओलांडून मोठा रस्ता, त्यावरून ट्रक धावतात. पहिली-दुसरीची लेकरं तिकडं जाणार नाहीत, ती घरीच बसणार, हे गुरुजींनी न सांगताही कळत होतं. मी तशीच घरी बसले होते. आणि माझी चूल विझणार होती, तेही होतंच.

आण्णा आधी हसले. म्हणजे माझं काम झालं म्हणायचं, असं म्हणाले. भिंतीपलीकडून आक्कांचा आवाज आला, "झालं ना? मग आता बसा रिकाम्या शाळेम्होरं कणसं दाखवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा चुलीपाशी आले, घसा साफ केला आणि म्हणाले, की तू चल माझ्याबरोबर, पोरं गोळा करायची आहेत. बायकांशी बोलायला बाई लागते म्हणे. मी बोलत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरी गेले.

त्या आठवड्यात आमच्या गावानं जी करमणूक बघितली ती जत्रेत नाही मिळायची. ज्या माणसानं उभं आयुष्य दारात बसून पोरं नको म्हणून सांगितलं, तो दारोदार पोरं आहेत का विचारत फिरत होता. एका म्हातारीनं त्याला दारातच हात जोडले. "आण्णा, माझ्या कारखान्याला तुमीच कुलूप घातलं, आता साखर मागायला आलाव व्हय?" दुसरी म्हणाली, सुनेला पाठवते, पण दोन वर्षं थांबावं लागेल. पिवळ्या गाडीवाल्या घरांनी चहा दिला आणि पोरं दिली नाहीत. आण्णांनी चहा घेतला नाही, पण ह्या घरांना आता त्याची लाज वाटेना. त्यांच्याकडं शेजारी बघायलाच नव्हते.

राहिली वीटभट्टी. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला एक बंद पडत आलेली भट्टी होती. तिच्या राखणीला कानडी मुलखातून आलेलं एक कुटुंब झोपडीत राहायचं. गंगू आणि तिचा नवरा. त्यांना सहा लेकरं, पाच पोरी आणि मांडीवर एक पोरगा. पोरी शाळेत कधी गेल्या नव्हत्या. तिकडं जायचं म्हटल्यावर आण्णांचे पाय जड झालेले मला दिसले. कारण तिसऱ्या पोरीच्या वेळी आण्णा तिथं जाऊन बसले होते, आणि गंगूनं त्यांना विटेचा तुकडा दाखवून उठवलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा गंगू लेकराला तेल लावत होती. नवरा कामावर गेलेला. आण्णा जमिनीवर बसले. पोरी दाराशी ओळीनं उभ्या राहिल्या. शाळेचं सगळं आण्णांनी नीट सांगितलं. पुस्तकं फुकट, कपडे फुकट, दुपारी जेवण, आणि ही बाई स्वतः शिजवते. मी मान हलवली. गंगूनं ऐकून घेतलं. मग लेकरू पालथं केलं, त्याच्या पाठीला तेल लावत म्हणाली, "अण्णा, तिसरीच्या टायमाला तुमी हितंच बसला होता. म्हणला होता, दोन पुरेत, ही जादा हाय. थोरली ऐकत होती माझी, तिनं समद्यांस्नी सांगितलंय. आता पाच न्यायला आलाव. ह्यातली जादा कुठली हाय ते सांगा. तिला म्या घरी ठेवते. बाकीच्या न्या."

आण्णा पोरींकडं बघायला लागले. पोरीही त्यांच्याकडं बघत होत्या, जशा काही त्या खरंच निवड व्हायची वाट बघत होत्या. तिसरी कुठली ते मला कळलं, कारण ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग आण्णांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

मला कधी बोलता येत नाही. पण त्यांच्या तोंडाकडं बघून मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आण्णा, म्यापण पाचवीच हाय की."

आण्णांनी घसा साफ केला नाही. गंगूकडं वळून म्हणाले, "जादा कुणी नव्हतं, बाय. जागा कमी होती. शाळा कमी, रान कमी, भाकर कमी. म्या जागेवर चिडायचं ते लेकरांवर चिडलो. चुकलं."

"आता जागा हाय का?" गंगूनं विचारलं.

"आता लई जागा हाय. बसायला कुणी न्हाय."

मग गंगूनं तिसरीला हाक मारली, पदराच्या टोकानं तिचं नाक पुसलं आणि आण्णांपुढं ढकललं. "आधी हिला धरा," म्हणाली. "हिचा हात तुमीच धरायचा."

साहेब आले त्या दिवशी माझ्या चुलीवर मोठं पातेलं होतं. गंगूच्या पोरी वाढून घेण्यात कुणाला हार जात नव्हत्या. साहेबांनी मान डोलावली आणि शाळा त्या वर्षापुरती राहिली. त्या वर्षापुरती, हे ते दोनदा म्हणाले.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी तांदूळ निवडत होते तेव्हा गंगू आण्णांच्या दारात आली. पोरगा कडेवर. म्हणाली, "अण्णा, मला आता बास झालं. त्या दवाखान्यात मला घेऊन चला."

आण्णांच्या दारात आपल्या पायांनी चालत आलेली ही पहिली केस. उभं आयुष्य त्यांनी हिचीच वाट बघितली असेल. आणि ते जागचे उठेनात. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला भिंतीवरून बघूनच कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. पुढची पहिली कोण भरणार? गुरुजी वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले होते, तेही मोजतच असणार. आण्णा म्हणाले, "एवढी घाई कशाला करायली? थंडी जाऊ दे. विचार कर जरा."

आक्का आतून आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी गंगूच्या कडेचं पोरगं घेतलं आणि आण्णांना एवढंच म्हणाल्या, "चपला घाला."

आण्णांनी चपला घातल्या. गंगूला घेऊन गेले, सगळं नीट करून आणलं, आणि दुसऱ्या दिवशी आक्कांनी केलेला डिंकाच्या लाडूंचा डबा स्वतः भट्टीवर पोचवला. परतताना गुरुजींनी त्यांना अडवलं. आण्णा, आता पुढच्या वर्षाचं काय, असं ते काळजीनं म्हणाले.

आण्णा म्हणाले, "गुरुजी, तुमचा पट भरायला ती बाई जन्माला आली न्हाय. गावात पोरं हायती की. ती पिवळ्या गाडीत हायती. उतरवा त्येंना."

बोलून गप्प बसणाऱ्यातले आण्णा नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेपुढच्या रस्त्यात पिवळ्या गाडीला आडवे उभे राहिले. गाडीत पोरं कोंबलेली, दोघं-तिघं तर दाराबाहेर लोंबत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. आण्णा हलेनात. आमच्या शाळेची पोरं कंपाउंडवर चढून बसली. ड्रायव्हर आण्णांना म्हणाला, बाजूला व्हा, उशीर होतोय. आण्णांनी त्याला एका सीटवर किती पोरं बसवावीत ते समजवायला सुरुवात केली. हॉर्न चालूच. तेवढ्यात आतून रडायचा आवाज आला. बप्पांची नात गर्दीत मागं चेंगरून बसली होती, तिला रोज गाडी लागायची. दार उघडलं आणि ती खाली उतरून आण्णांच्या धोतरावर ओकली.

आण्णांनी तिला उचलून ओट्यावर आणलं. मी तोंड धुतलं, पाणी दिलं. गाडी थांबायला तयार नव्हती, गेली. पोरगी तासभर गंगूच्या तिसरीच्या शेजारी चटईवर बसली, दुपारी दोनदा खिचडी घेतली आणि झोपली. संध्याकाळी बप्पा येऊन आण्णांवर खूप ओरडले. इंग्रजी शाळेची फी भरलीय, तुझं डोकं फिरलंय, असं सगळं झालं. आण्णांनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पिवळी गाडी हॉर्न वाजवून निघून गेली, आणि तिच्या मागून बप्पा नातीचा हात धरून चालत आले. गळ्यात टाय, पायात बूट, पाठीवर मोठं दप्तर. घरात रात्रभर रडून तिनं सगळ्यांना जागं ठेवलं होतं म्हणे. ती हात सोडून सरळ चटईवर जाऊन बसली. बप्पा फाटकाशी उभे राहिले. चार पोरांचा बाप, पण गुरुजींना म्हणाले, "एकच नात हाय मला. नीट शिकवा."

आण्णा ओट्यावरच बसलेले होते. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघत ते बप्पांशी भांडले, ते वाक्य बप्पांनी आपल्या तोंडानं म्हटलं होतं. मी पळी हातात धरून थांबले, की आता आण्णा काय बोलतात.

आण्णा जरा सरकले आणि त्यांनी बप्पांना बसायला जागा करून दिली.